बाईंचं पत्रक, मिस्टरांची कामं

शुक्रवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला, तेव्हा मिस्टर चहाचा पहिला घोट घेत होते. पलीकडे वायरमन होता.

"मिस्टर, रागावू नका, पण एक विचारतो. शाळेमागच्या गल्लीतला दिवा मी कधी दुरुस्त केला?"

"आता ते मला काय माहीत? दुरुस्त तू केलास, तारीख तुलाच ठाऊक असणार."

"अहो, तेच तर म्हणतोय! मी केलेलाच नाही. आणि बाईंच्या पत्रकात आलंय, दिवा दुरुस्त करण्यात आला म्हणून. आता आमचे साहेब मला विचारणार, कोणाला विचारून केलास? आणि केलाच नाही म्हटलं, तर विचारणार, का नाही केलास?"

"थांब जरा," म्हणून मिस्टरांनी फोन ठेवला. वर्तमानपत्रातून पत्रक काढलं आणि कपाटातून बाईंची वही. वही मधोमध दुमडलेली होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून मिस्टरांनीच वरच्या बाजूला लावलेला कपड्यांचा चिमटा अजून तिथेच होता. मिस्टरांनी चिमटा काढला. चिमट्याखाली बाईंच्या गोल, टपोऱ्या अक्षरात मथळा होता: "पुढच्या महिन्यात करायची कामं."

मिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. चहा तर तसाही निवलाच होता.

बाई म्हणजे वॉर्डाच्या नगरसेविका. अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि लोकांनी धरून-बांधून निवडणुकीला उभं केलं. अर्ध्या वॉर्डानं त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, त्यामुळे पद कुठलंही असो, त्या बाईच राहिल्या. आणि त्यांचे यजमान झाले बाईंचे मिस्टर. पुढे लोकांनी त्यातलं 'बाईंचे'सुद्धा गाळलं. मिस्टरांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

दर महिन्याला बाई एक पत्रक काढायच्या. 'या महिन्यात झालेली कामं', नऊशे प्रती, पेपरवाल्याकरवी घरोघर. पुढच्या रविवारी सकाळी दहाला शाळेच्या हॉलमध्ये सभा. तिथे बाई एकेक काम मोठ्यानं वाचायच्या आणि विचारायच्या, "झालं?" हॉलनं एका सुरात म्हणायचं, "झालं!" एकानं जरी "नाही" म्हटलं, तर बाई सगळ्यांदेखत त्या ओळीवर लाल पेनानं काट मारणार, चुकलेल्या गणितावर मारावी तशी. हा नियम त्यांनीच केला होता. तीन वर्षांत त्या लाल पेनाचं टोपण एकदाही निघालं नव्हतं. वॉर्डात लोक एकमेकांशी पैज लावतानासुद्धा म्हणायचे, "बाईंच्या पत्रकाइतकं खरं बोलतोय."

आणि त्या पत्रकाचा मजकूर लिहायचे मिस्टर. निवृत्तीनंतर घरात त्यांना एकेक काम देऊन पाहिलं होतं. भाजी आणायला पाठवलं, तर भाजीवाल्याच्या मनाला येईल ती भाजी घेऊन यायचे. झाडांना पाणी घालायला सांगितलं, तर निवडुंग कुजला. एकेक करत सगळी कामं काढून घेतली गेली आणि हे एकच उरलं होतं. बाईंच्या वहीत नुसती नावं असायची: 'दिवा', 'बाक', 'पदपथ'. शाई वाचवायची शाळेतली सवय. त्यापुढचं 'दुरुस्त करण्यात आला', 'मोकळा करून घेण्यात आला' हे सगळं मिस्टरांचं. चाळीस वर्षं सरकारी खात्यात मसुदे लिहिलेला माणूस तो. 'करण्यात आले' लिहिताना त्यांना आपण अजून कुणीतरी आहोत असं वाटायचं.

"यात चूक झाली ना, तर पुढचं पत्रक भाचीला देईन. तिचा कॉम्प्युटर तयारच आहे," असं बाई प्रत्येक वेळी बजावायच्या आणि छापायला जाण्याआधी मजकूर स्वतः वाचायच्या. या वेळी मात्र त्या बाहेरगावी नगरसेवकांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. बुधवारी फोनवर म्हणाल्या, "एकदा वाचून दाखवा हो." तेव्हा मिस्टर म्हणाले होते, "अगं, मी आहे ना!"

तर ते होते.

बाई शनिवारी संध्याकाळी परत येणार होत्या. सभा रविवारी. मिस्टरांनी पत्रक पुन्हा वाचलं. पाच कामं. पाचही न झालेली. खरं म्हणजे त्या क्षणी बाईंना फोन करून चूक कबूल करणं, हा सरळ रस्ता होता. मिस्टरांनी फोन उचललासुद्धा. पण डोळ्यांपुढे भाची आली, तिचा कॉम्प्युटर आला, आणि त्यापलीकडे दिसली एक लांबच लांब दुपार, जिच्यात आपल्याला काहीही काम नाही. त्यांनी फोन उचललाच होता, तो वायरमनला लावला.

"अरे, नाही केलास ना? मग आता कर. उद्यापर्यंत. साहेबांनी विचारलं तर सांग, पत्रकात आधीच आलंय."

"असं चालतं?"

"चालवायचं!"

आणि गंमत बघा, गेल्या सहा महिन्यांत बाईंनी ज्या दिव्यासाठी चार अर्ज दिले होते, तो दिवा शुक्रवारी दुपारी लागला. छापून आलेल्या कामाला नाही म्हणायची साहेबांची छाती झाली नाही. मिस्टरांना हुरूप आला. एक झालं, चार राहिली.

दुसरं काम बागेतल्या मोडक्या बाकाचं. भांडारातल्या कारकुनानं त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. "हा भरा. तीन आठवड्यांत पाहणी होईल."

"मला परवा सकाळी दहापर्यंत बाक पाहिजे हो!"

"मग घरचा न्या," कारकून म्हणाला. तो बिचारा आपला चेष्टेत म्हणाला. मिस्टरांनी ते मनावर घेतलं. त्यांच्या ओसरीवर एक लाकडी बाक होता, बाईंच्या वडिलांनी लेकीला दिलेला, सागवानी, चांगला दणकट. संध्याकाळच्या आत दोन हमाल लावून तो बागेत गेला आणि मोडका बाक झुडपांमागे आडवा झाला. बाईंना सांगता येईल, पॉलिशला दिलाय म्हणून, असं मिस्टरांनी मनाशी ठरवलं.

तिसरं काम हार्डवेअरवाल्याच्या दुकानापुढचा पदपथ. तिथे त्याचे लोखंडी पाइप वर्षानुवर्षं पडलेले असत आणि येणारे-जाणारे बिचारे रस्त्यावरून चालत. मिस्टर पोचले, तेव्हा तो पत्रक हातात घेऊनच उभा होता.

"या, या! मी पदपथ मोकळा केला म्हणे. कधी केला हो? सकाळपासून गिऱ्हाईक अभिनंदन करतंय आणि पाइपांना ठेचकाळतंय!"

"अहो, मग करून टाका ना मोकळा. नाव तर झालंच आहे तुमचं."

"आणि पाइप कुठं ठेवू? डोक्यावर?"

मिस्टरांनी घराच्या दिशेनं बोट केलं. "आमच्या फाटकापासून दारापर्यंत बोळ आहे. दोन दिवस तिथे ठेवा."

दोन दिवस म्हटल्यावर त्यानं नुसते पदपथावरचे नाही, गोदामातलेही पाइप पाठवले. शुक्रवारी संध्याकाळी मिस्टर आपल्याच घरात आडवे होऊन शिरले.

चौथं वाचनालयाचं. 'वाचनालयाची वेळ रात्री आठपर्यंत वाढवण्यात आली.' ग्रंथपाल सहाला कुलूप लावायच्या आणि त्या दिवशीही लावणारच होत्या, पण पत्रक वाचून आलेली आठ-दहा माणसं दारात उभी होती.

"मला घरी आजारी सासूबाई आहेत," ग्रंथपाल म्हणाल्या. "वेळ तुम्ही वाढवलीत, तर बसा तुम्ही." आणि त्यांनी किल्ली मिस्टरांच्या हातावर ठेवली. सहा ते आठ मिस्टर तिथे बसले. पुस्तकं देता-घेता त्यांचा सगळा जीव घड्याळात होता, कारण पाचवं काम अजून तसंच होतं आणि पाचव्याचा नुसता विचार केला तरी त्यांची पाचावर धारण बसत होती.

पत्रकात लिहिलं होतं: 'डॉक्टर व वकील यांच्यातील पायऱ्यांचा वाद सामोपचाराने मिटवण्यात आला.'

हा वाद चार वर्षांचा. हाडांचे डॉक्टर आणि वकीलसाहेब शेजारी-शेजारी. डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी झाली की पेशंट वकिलांच्या पायऱ्यांवर येऊन बसायचे. वकिलांनी त्यावर उपाय काढला. रोज सकाळी दहाला पायऱ्यांवर दोन बादल्या पाणी. डॉक्टर भांडायला आले, "माझा पेशंट घसरून पडला तर?" वकील म्हणाले, "तर येईल तुमच्याचकडे. तुमचा धंदा वाढवतोय, आभार माना." तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊलाच मिस्टर वकिलांकडे गेले.

"मिटला म्हणे वाद!" वकिलांनी पत्रक टेबलावर आपटलं. "माझ्या अपरोक्ष? कोणाच्या बाजूनं मिटला, ते लिहिलेलं नाही. मसुदा कोणाचा आहे हा? अत्यंत ढिसाळ!"

ते 'ढिसाळ' मिस्टरांच्या काळजात घुसलं. पण वेळ कुठे होता वाईट वाटून घ्यायला? त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याच बाजूनं मिटला, साहेब. डॉक्टर बाईंना म्हणाले, चूक माझीच होती."

वकील खुर्चीत मागे टेकले. "असं म्हणाले? नेमका शब्द काय वापरला? दिलगीर आहे, की क्षमा मागतो?"

"दोन्ही."

"दोन्ही!" चार वर्षांत पहिल्यांदाच वकिलांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "माणूस तसा वाईट नाही हो. मग मीही मनाचा मोठेपणा दाखवायला हवा. आज पाणी नाही ओतत. आणि उद्या सभेला येतो."

तिथून मिस्टर थेट दवाखान्यात. एक खोटं बोलून झाल्यावर दुसऱ्याला जीभ अडखळत नाही म्हणतात, ते काही खरं नाही. मिस्टरांना घाम फुटला होता. डॉक्टरांनी आधी त्यांची नाडीच पाहिली.

"डॉक्टर, वकीलसाहेब बाईंना म्हणाले, माझं चुकलं."

"अशक्य!"

"बाहेर बघा. सव्वादहा झालेत. पायऱ्या कोरड्या आहेत."

डॉक्टर खिडकीशी गेले. पायऱ्या खरोखरच कोरड्या होत्या. मागे वळून ते म्हणाले, "पेशंटना सांगतो आजपासून, तिकडे बसू नका म्हणून. तो एवढा वाकला, तर आपणही ताणून नाही धरायचं. उद्या येतो मी."

मिस्टरांनी रस्त्यावर येऊन श्वास सोडला. पाचही झाली! आता फक्त उद्या सभेत त्या दोघांनी एकमेकांशी सविस्तर बोलू नये, एवढंच देवाकडे मागायचं होतं.

संध्याकाळी वाचनालयाची ड्यूटी संपवून ते घरी आले, तेव्हा दिवे लागलेले होते. बाई आल्या होत्या. पाइपांवरून बॅग पार करून, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पाय चोळत होत्या.

"बोळात पाइप कसले?"

"हार्डवेअरवाल्याचे. दोन दिवसांपुरते. अडचण होती बिचाऱ्याला."

"आणि ओसरीवरचा बाक?"

"पॉलिशला दिलाय."

"हो का," बाई म्हणाल्या. "चांगलं केलंत."

त्यापुढे काही नाही. मिस्टरांनी जेवताना दोनदा चोरून पाहिलं. बाई शांतपणे जेवत होत्या. अठ्ठावीस वर्षं पोरांची कॉपी पकडलेल्या बाईचं शांत जेवण फार वाईट. पत्रकाचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही.

रविवारी दहाला हॉल गच्च भरला. मिस्टर नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत कडेला. दुसऱ्या रांगेत डॉक्टर आणि वकील, चक्क शेजारी-शेजारी. दोघंही भारदस्तपणे समोर बघत होते. समोरचा आता दिलगिरी व्यक्त करील, मग आपण मोठ्या मनानं 'जाऊ द्या हो' म्हणू, अशी दोघांचीही तयारी.

बाईंनी पत्रक उलगडलं. "एक. शाळेमागच्या गल्लीतला दिवा दुरुस्त करण्यात आला. झालं?"

"झालं!" हॉल म्हणाला. वायरमनचा आवाज सगळ्यांत मोठा.

"दोन. बागेत नवा बाक बसवण्यात आला. झालं?"

"झालं! काय सुरेख बाक आहे हो बाई!" एक आजोबा म्हणाले.

"बसून पाहिला मी काल येताना," बाई म्हणाल्या. मिस्टरांच्या कानात घंटा वाजू लागल्या.

पदपथ झाला. वाचनालय झालं. दर "झालं!"ला बाईंच्या कपाळावरची आठी ठळक होत चालली होती आणि त्या मिस्टरांकडे अजिबात बघत नव्हत्या.

"पाच. डॉक्टर व वकील यांच्यातील पायऱ्यांचा वाद सामोपचाराने मिटवण्यात आला." बाई थांबल्या. "झालं?"

दुसऱ्या रांगेतून एकाच वेळी दोन जाड आवाज आले, "झालं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टरांनी डोळे मिटून घेतले. सुटलो! पण टाळ्या थांबल्यावर एक बारीकसा आवाज झाला. टक्. त्यांनी डोळे उघडले. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं होतं.

"पत्रक गुरुवारी छापलं," बाई म्हणाल्या. "मी घरून निघाले, तेव्हा यातलं एकही काम झालेलं नव्हतं. आता झाली असतील, चांगलंच आहे. पण ज्या दिवशी हे तुमच्या घरात पडलं, त्या दिवशी हे खोटं होतं. उत्तर बरोबर आलं म्हणून रीत चुकलेल्या गणिताला मी कधी मार्क दिलेत का?"

"नाही," हॉलमधल्या निम्म्या लोकांनी जुन्या सवयीनं उत्तर दिलं.

आणि बाईंनी काट मारायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. प्रत्येक काट मिस्टरांच्या अंगावरून गेली. एवढी धावपळ केली ती ही काट चुकवायला, आणि ती बाईंनी स्वतःच्याच हातानं मारावी? त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

"पाचवं," बाई म्हणाल्या. "मी या दोघांमध्ये काहीही मिटवलेलं नाही. या विषयावर मी दोघांशी अजून बोललेसुद्धा नाही." आणि पाचवी काट पडली.

वकील सावकाश उभे राहिले. "एक मिनिट. म्हणजे डॉक्टर तुमच्यापाशी दिलगिरी व्यक्त करायला आलेच नव्हते?"

"मी?" डॉक्टर ताडकन उठले. "मी कशाला दिलगिरी व्यक्त करू? 'माझं चुकलं' असं तुम्ही म्हणालात!"

"मी? स्वप्नात तरी म्हणेन का?"

"मग मला कोणी सांगितलं?"

"आणि मला कोणी सांगितलं?"

दोघांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांचीही मान एकदम पहिल्या रांगेच्या कडेला वळली. मिस्टर खुर्चीत जमेल तेवढे लहान झाले.

"ही फसवणूक आहे!" वकील गरजले.

"शुद्ध फसवणूक! आणि मी याची नाडी तपासली होती, फुकट!"

"डॉक्टर, आपण हे सोडायचं नाही. लेखी तक्रार करायची, बाईंकडेच. तुमची सही लागेल."

"एक सोडून दहा घ्या. पेन आहे का? नसेल तर हे घ्या माझं. आणि त्यात लिहा, दोघांची मानहानी."

"दोघांची, संयुक्त," वकिलांनी दुरुस्ती केली.

तिथेच, हॉलच्या खिडकीत कागद ठेवून दोघं लिहायला लागले. वकील मजकूर सांगत होते, डॉक्टर लिहीत होते. "तुमचं अक्षर कळत नाही हो," वकील म्हणाले. "मग सरका इकडे, तुम्ही लिहा," म्हणून डॉक्टर सरकले. सगळा हॉल श्वास रोखून बघत होता. बाईंनी विचारलं, "अहो, पण तुम्हा दोघांत आता वाद काय राहिला?"

"आमच्यात कसला वाद?" दोघंही मान वर न करता म्हणाले. "वाद यांच्याशी आहे!"

मागून वायरमन ओरडला, "झालं!" आणि अख्खा हॉल हसत सुटला. बाईसुद्धा हसल्या, पण काट काही त्यांनी खोडली नाही. फक्त पाचव्या ओळीखाली निळ्या शाईनं लिहिलं: 'मिटला. आज, सकाळी अकरा वाजता.' मग वहीतली त्या महिन्याची खरी कामं वाचली, त्यांनाही "झालं" मिळालं आणि सभा संपली.

दोघं चालत घरी आली. पाइपांमधून आडवी होऊन आत शिरली. मिस्टरांना राहवेना.

"पुढचं पत्रक भाचीला देणार ना?"

"तिला कशाला? तिच्या पत्रकानं सहा महिन्यांत एक दिवा लागणार नाही." बाईंनी पर्समधून संयुक्त तक्रार काढून टेबलावर ठेवली. "तुम्हीच लिहायचं. पण यापुढे मी वाचल्याशिवाय अक्षर छापायला गेलं, तर याद राखा. आणि सोमवारी माझा बाक परत आला पाहिजे. बागेसाठी दुसरा कुठून आणायचा, ते तुमचं तुम्ही बघा."

मिस्टरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळे भरून आले, ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसले.

"बसा आता," बाई म्हणाल्या. "आधी या तक्रारीला उत्तर लिहा. नगरसेविका कार्यालयातर्फे. रीतसर."

मिस्टरांनी कागद घेतला. मसुदा म्हटल्यावर हात आपोआप चालू लागला. 'आपली तक्रार प्राप्त झाली. सदर इसमाची चौकशी केली असता तो पूर्णपणे दोषी आढळून आला. त्यास कडक शब्दांत समज देण्यात येईल.' त्यांनी वाचून दाखवलं. आवाजात थोडा अभिमानही होता, कारण मसुदा खरंच चांगला उतरला होता.

"देण्यात येईल नको," बाई म्हणाल्या. "देण्यात आली, असं लिहा."

"अगं, पण अजून दिली कुठे?"

"पत्र संध्याकाळी जाणार आहे," असं म्हणून बाई उठल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली.